शिकागो विद्यापीठाचा १९०७–०८ चा बास्केटबॉल हंगाम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या कॉलेज बास्केटबॉलचे आकडे आजच्या नियमांनी वाचले की हमखास फसगत होते. १६–१५ असा निकाल पाहून सामना रटाळ झाला असणार असं वाटतं. 'राष्ट्रीय विजेता' असं वाचलं की कुठेतरी अंतिम फेरी झाली असेल, असं आपण धरून चालतो. दोन्ही समज चुकीचे आहेत. खालची उत्तरं एका हंगामाभोवती आहेत, पण नियमांचा भाग १९०० ते १९१५ च्या दरम्यानच्या अमेरिकेतल्या कुठल्याही कॉलेज संघाची नोंद वाचताना कामाला येईल.

हा संघ कोणता आणि याच हंगामाचं नाव वारंवार का निघतं?

शिकागो विद्यापीठाचा 'मरून्स' संघ. प्रशिक्षक डॉ. जोसेफ रेक्रॉफ्ट. संघ वेस्टर्न कॉन्फरन्समध्ये, म्हणजे आपसात सामने खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटात, खेळायचा. आज आपण जिला 'बिग टेन' म्हणतो तीच ही कॉन्फरन्स. बास्केटबॉलचं विजेतेपद तिथे १९०५–०६ पासून सुरू झालं आणि पहिलं मिनेसोटानं घेतलं. त्यानंतर १९०७ ते १९१० असे सलग चार हंगाम शिकागोचं नाव विजेत्यांत आहे. १९०७ चं विजेतेपद मिनेसोटा आणि विस्कॉन्सिन यांच्यासोबत वाटून घेतलेलं आहे, हे मात्र बऱ्याच याद्यांतून गळतं.

१९०८ मध्ये शिकागो आणि विस्कॉन्सिन बरोबरीत राहिले. निर्णायक सामना शिकागोनं १८–१६ असा जिंकला. मग पूर्वेकडच्या लीगचा विजेता पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ, म्हणजे 'पेन', याच्याशी दोन सामने झाले. पहिला शिकागोत २१–१८, दुसरा फिलाडेल्फियात १६–१५, आणि दोन्ही शिकागोचे. पश्चिम आणि पूर्व विभागांचे विजेते समोरासमोर उतरून निकाल लागणं त्या काळात दुर्मीळ होतं. म्हणून हा हंगाम लक्षात राहिला.

संघात कोण कोण होतं?

दोन नावं पक्की लक्षात ठेवा. सेंटर (मधला खेळाडू) जॉन शोमर आणि गार्ड (बचाव सांभाळणारा) हार्लन 'पॅट' पेज. शोमरची उंची ६ फूट ३ इंच. आज हे वाचून कुणी भुवई उंचावणार नाही, पण प्रत्येक बास्केटनंतर जंप बॉल (दोन सेंटरमध्ये चेंडू वर उडवून खेळ पुन्हा सुरू करणं) असण्याच्या काळात असा सेंटर म्हणजे अर्धा सामना हातात. त्यानं फुटबॉल, बेसबॉल, बास्केटबॉल आणि ॲथलेटिक्स मिळून विद्यापीठाची बारा 'लेटर' (विद्यापीठाच्या संघातून खेळल्याबद्दलचा मान) मिळवली. पुढे तो शिकागो शहरातच प्राध्यापक झाला आणि आधुनिक बॅकबोर्डच्या रचनेचं श्रेय त्याला दिलं जातं. पेज नंतर याच संघाचा प्रशिक्षक झाला. त्याच्या हाताखाली शिकागोत खेळलेला टोनी हिंकल पुढे बटलर विद्यापीठात गेला. इंडियानापोलिसचं हिंकल फील्डहाऊस त्याच्याच नावाचं.

आणि हो, खगोलशास्त्रज्ञ एडविन हबल विद्यार्थी असताना याच विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघात होता. मात्र 'हबलनं शिकागोला जिंकून दिलं' अशी जी वाक्यं फिरतात ती जपून वाचा. त्या वर्षांत संघाचा कणा शोमर आणि पेज हेच होते.

मग हे 'राष्ट्रीय विजेतेपद' कुणी दिलं?

त्या वर्षी कुणीच नाही. एनसीएए या कॉलेज खेळांच्या राष्ट्रीय संघटनेची स्पर्धा १९३९ मध्ये सुरू झाली, एनआयटी ही निमंत्रितांची स्पर्धा त्याच्या आदल्या वर्षी. १९०१ पासूनच्या विजेत्यांची जी यादी सगळीकडे दिसते ती हेल्म्स ॲथलेटिक फाउंडेशननं मागाहून तयार केली. ही संस्था १९३६ मध्ये लॉस एंजेलिसला स्थापन झाली, आणि पॉल हेल्म्स हा तिचा पाठीराखा बेकरीवाला होता. या यादीत १९०७, १९०८ आणि १९०९ अशी तीन वर्षं शिकागोच्या नावावर आहेत.

म्हणून लिहिताना फरक ठेवा. 'हेल्म्सच्या निवडीनुसार १९०८ चा राष्ट्रीय विजेता' हे बरोबर. 'राष्ट्रीय स्पर्धा जिंकली' हे चूक. १९०८ ची निवड त्यातल्या त्यात भक्कम आहे, कारण तिच्यामागे पेनविरुद्धचे दोन प्रत्यक्ष सामने आहेत. त्या यादीतली अनेक वर्षं अशी आहेत की निवडलेला संघ दुसऱ्या विभागाच्या बलाढ्य संघाशी खेळलेलाच नाही.

स्कोअर इतके कमी का?

खेळाडू कच्चे होते म्हणून नव्हे. कारणं नियमांत आणि सामानात आहेत, आणि ती एकमेकांत गुंतलेली आहेत.

सगळ्यात मोठं कारण जंप बॉल. प्रत्येक बास्केटनंतर चेंडू मधल्या वर्तुळात आणून दोन सेंटरमध्ये उडवला जायचा. हे १९३७–३८ पर्यंत चाललं. बास्केट झाली, चेंडू जाळीतून काढला, रेफरीकडे दिला, सगळे आपापल्या जागी परतले, चेंडू उडाला: या सगळ्यात घड्याळ चालूच. वीस-वीस मिनिटांच्या दोन हाफमधला प्रत्यक्ष खेळ त्यामुळे बराच आटायचा.

दुसरं, चेंडू किती वेळ धरून ठेवायचा यावर बंधन नव्हतं. दहा सेकंदांत मधली रेषा ओलांडण्याचा नियम १९३२–३३ चा, आणि पुरुषांच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये शॉट क्लॉक (ठरावीक सेकंदांत शॉट घ्यायला लावणारं घड्याळ) तर थेट १९८५–८६ ला आलं. दोन गुणांची आघाडी घेतलेला संघ निवांत पासिंग करत बसू शकायचा. समोरच्यांनी पुढे येऊन चेंडू हिसकावला तर ठीक, नाहीतर वेळ संपली.

तिसरं, शॉट. जंप शॉट, म्हणजे उडी मारून हवेतून घेतलेला शॉट, रूढ झाला तो १९३० च्या दशकाच्या अखेरीस आणि त्यानंतर. १९०८ मध्ये लांबून मारायचा तर दोन्ही हातांनी छातीपासून, पाय जमिनीवर ठेवून. असा शॉट घ्यायला मोकळी जागा आणि क्षणभर उसंत लागते. अंगाला अंग लावून पहारा करणाऱ्या गार्डसमोर ती मिळत नसे.

आणि चौथं म्हणजे खुद्द चेंडू. तो पुढच्या प्रश्नात.

चेंडू आणि बास्केट कसे होते?

चेंडूचा परीघ ३० ते ३२ इंच, म्हणजे ७६ ते ८१ सेंटिमीटर. आजच्या सात नंबरपेक्षा थोडा मोठा. वर चामड्याचे शिवलेले तुकडे, आत रबरी ब्लॅडर. ब्लॅडर आत घालायला चामड्याला एक फट ठेवलेली असे आणि हवा भरून ब्लॅडरचं तोंड बांधलं, आत दडपलं, की ही फट चामड्याच्या दोरीनं आवळायची. सगळी गोची इथेच. दोरीचा भाग उंचवट्यासारखा वर राहायचा. चेंडू त्या बाजूनं जमिनीवर आपटला की भलतीकडे उडायचा, आणि बॅकबोर्डवर तसाच लागला तर सरळ मारलेला शॉटही तिरका जायचा. वापरानं चामडं ताणलं की गोलाई बिघडायची. म्हणून लांब ड्रिबल (चेंडू जमिनीवर आपटत पुढे नेणं) करत जाणं जोखमीचं होतं आणि पासिंगवर खेळ उभा होता. अनुभवी खेळाडू फ्री थ्रोच्या (फाऊलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या शॉटच्या) आधी चेंडू हातात फिरवून दोरी बोटांना अडणार नाही अशी धरून घेत.

रिंग मात्र आजचीच: व्यास १८ इंच, उंची १० फूट. उंची १८९१ पासून बदललेली नाही. स्प्रिंगफील्डच्या जिममधल्या गॅलरीच्या कठड्याला या खेळाचा जनक जेम्स नेस्मिथनं पीचच्या टोपल्या ठोकल्या आणि तो कठडा दहा फुटांवर होता, एवढंच त्याचं कारण. जाळी खालून बंद असायची. दोरी किंवा साखळी ओढली की चेंडू बाहेर पडायचा. तळ उघडा असलेल्या जाळीला नियमांत मान्यता मिळाली १९१२–१३ मध्ये.

बॅकबोर्ड ६ फूट रुंद, ४ फूट उंच. तो आला प्रेक्षकांमुळे. गॅलरीत रिंगमागे बसलेले लोक हात घालून चेंडू आत ढकलत किंवा बाहेर उडवत, त्याला आडोसा म्हणून आधी तारेची जाळी लावली गेली. ती वाकायची आणि यजमान संघाला तिच्या खाचाखोचा पाठ असायच्या. नंतर लाकडी फळी आली. बोर्ड भिंतीलगत असे. रिंग भिंतीपासून दोन फूट पुढे आणायचा नियम १९२०–२१ चा. त्याआधी काही पठ्ठे धावत येऊन भिंतीवर पाय देत आणि तिथून वर उसळत.

ड्रिबल करता येत होतं का?

येत होतं, पण ड्रिबल करणाऱ्याला थेट शॉट मारता येत नव्हता. ड्रिबल म्हणजे अडचणीतून सुटायचा मार्ग. सुटल्यावर पास द्यायचा. कॉलेजच्या नियमांत ड्रिबलनंतर शॉटला परवानगी मिळाली १९०८–०९ पासून, म्हणजे आपण बोलतोय त्या हंगामाच्या लगेच पुढच्या वर्षी. त्यामुळे १९०८ आणि १९०९ चे स्कोअर शेजारी ठेवून 'आक्रमण सुधारलं' असा निष्कर्ष काढू नका. मधे नियम बदललाय.

इथे आणखी एक फाटा आहे. १९०५ मध्ये पेनच्या रॅल्फ मॉर्गनच्या पुढाकारानं कॉलेजांनी आपली वेगळी नियम समिती केली. त्यानंतर दहाएक वर्षं कॉलेजांचे नियम वेगळे आणि वायएमसीए व ॲमॅच्युअर ॲथलेटिक युनियनचे वेगळे. ॲमॅच्युअर संघांना ड्रिबलनंतर शॉटची मुभा बऱ्याच उशिरा मिळाली. दोन्ही नियमावल्या एक झाल्या १९१४–१५ च्या सुमाराला. कॉलेज संघ एखाद्या वायएमसीए किंवा क्लबशी खेळला असेल, तर सामना कुठल्या नियमांनी झाला हे आधी पाहावं लागतं.

एकाच खेळाडूच्या नावावर सगळे फ्री थ्रो कसे?

कारण ज्याच्यावर फाऊल झाला त्यानंच फ्री थ्रो घ्यायचा, हा नियम १९२३–२४ चा. तोपर्यंत संघाचा ठरलेला एक नेमबाज सगळे फ्री थ्रो घ्यायचा: दोन्ही हातांनी, चेंडू गुडघ्यांजवळून वर उचलत, १५ फुटांवरून. त्यात चेंडू हातात घेऊन चालणं किंवा पळणं हाही फाऊलच होता. त्याचं साधं नियमभंगात रूपांतर १९२१–२२ ला झालं. म्हणजे ज्या चुकीसाठी आज नुसता चेंडूचा ताबा गमावावा लागतो, तिच्यामुळे तेव्हा समोरच्याला एक गुण मिळवण्याची संधी मिळायची.

परिणाम असा की 'संघातला सर्वाधिक गुण मिळवणारा खेळाडू' हा उत्तम आक्रमक असेलच असं नाही. कदाचित तो फक्त फ्री थ्रो घेणारा असेल. गुणांच्या यादीत फील्ड गोल (चालू खेळात टाकलेली बास्केट) आणि फ्री थ्रो वेगळे काढल्याशिवाय दोन खेळाडूंची तुलना करण्यात अर्थ नाही.

वर्तमानपत्रातला जुना स्कोअर कसा वाचायचा?

आधी मांडणी. डावीकडे एका संघाच्या खेळाडूचं नाव, मधे त्याची मैदानावरची जागा, उजवीकडे प्रतिस्पर्ध्याचं नाव. जागा डाव्या संघाच्या हिशेबानं छापलेली असली, तर उजवीकडचा खेळाडू त्याच्या समोरचा असतो. लेफ्ट फॉरवर्डच्या (डाव्या बाजूच्या आक्रमकाच्या) ओळीत समोरच्या संघाचा राइट गार्ड सापडतो. हे नीट धरलं तर कुणी कुणावर पहारा दिला ते एका ओळीत कळतं. आजच्या बॉक्स स्कोअरमध्ये (सामन्याच्या खेळाडूवार तक्त्यात) ही माहिती मिळत नाही.

मग खाली गोल आणि फाऊलवरचे गोल. फील्ड गोलचे दोन, फ्री थ्रोचा एक. तीन गुणांचा शॉट तेव्हा नव्हताच. म्हणून बेरीज अशी तपासा: फील्ड गोलची संख्या दुप्पट करा, फ्री थ्रो मिळवा आणि अंतिम स्कोअरशी ताडून पाहा. जुळलं नाही तर बहुतेक वेळा छपाईची चूक असते, किंवा बदली खेळाडूची बास्केट मूळ खेळाडूच्या नावावर पडलेली असते.

तपशील छापलेलाच नसेल तर सम-विषम पाहा. फिलाडेल्फियाच्या सामन्यात पेनचे १५ गुण. विषम आकडा फ्री थ्रोशिवाय होत नाही, म्हणजे पेननं एक, तीन, पाच अशा विषम संख्येनं फ्री थ्रो टाकले हे नक्की. शिकागोचे १६, म्हणजे त्यांचे फ्री थ्रो सम संख्येत, कदाचित शून्यही. शिकागोतल्या सामन्यात उलट: २१ विषम, १८ सम. एवढ्यावरून कुणाचा फील्ड गोल किती ते कळत नाही, पण एखाद्या वर्णनात चुकीचा आकडा शिरला असेल तर तो लगेच पकडला जातो.

बदली खेळाडूंची नावं फार कमी दिसतील. एकदा बाहेर गेलेल्याला परत आत येता येत नव्हतं. एकदा परतण्याची मुभा १९२०–२१ ची. पाचजण बहुधा चाळीस मिनिटं तसेच खेळत.

त्या हंगामातले विजय-पराजय प्रत्येक ठिकाणी वेगळे दिसतात. खरे कोणते?

प्रश्न खरं-खोटं असा नाही, काय मोजायचं हा आहे. कॉलेज संघ तेव्हा वायएमसीए, ॲथलेटिक क्लब, माजी विद्यार्थी, कधीकधी हायस्कूलशीही खेळायचे. काही नोंदींत हे सगळं धरलेलं असतं, काहींत फक्त कॉलेजविरुद्धचे सामने. शिवाय कॉन्फरन्सचं गुणपत्रक आणखी वेगळं. त्यात विस्कॉन्सिनसारखा निर्णायक सामना कुणी साखळीत धरतो, कुणी धरत नाही.

स्वतः तक्ता करत असाल तर तीन रकाने ठेवा: कॉन्फरन्स, इतर कॉलेजं, बाकी सगळे. एकूण आकडा सगळ्यात शेवटी आणि तोही त्या तिन्हींची बेरीज म्हणून. दुसरीकडचा एकूण आकडा उचलून आपल्या तक्त्यात चिकटवला की चूक हमखास होते.

एक खेळाडू किती हंगाम खेळू शकायचा?

तीन. जानेवारी १९०६ मध्ये वेस्टर्न कॉन्फरन्सनं फुटबॉलमधल्या हिंसाचारानंतर आपले नियम कडक केले. विद्यापीठात एक वर्ष काढल्याशिवाय संघात प्रवेश नाही, एकूण तीन हंगामांची मर्यादा, खेळाडूंसाठी वेगळी भोजनव्यवस्था बंद. शोमरची खेळण्याची मुदत १९०९ मध्ये संपली आणि पेजची १९१० मध्ये, ती याच हिशेबानं. म्हणजे शिकागोचा तो सुवर्णकाळ मुळातच मुदतीचा होता. मिशिगननं तर १९०८ मध्ये कॉन्फरन्सच सोडली.

खेळ खरंच इतका दांडगाईचा होता का?

होता. एक कारण चेंडू बाहेर जाण्याचा नियम. १९१३ पर्यंत रेषेबाहेर गेलेला चेंडू जो आधी पकडेल त्याचा. त्यामुळे तो प्रेक्षकांत, जिन्याखाली, कुठेही गेला की दोन्ही संघ त्यावर तुटून पडायचे. शेवटचा हात कुणाचा लागला ते पाहून समोरच्या संघाला चेंडू द्यायची पद्धत १९१३–१४ पासून. व्यावसायिक संघांनी मैदानाभोवती जाळीचा पिंजराच उभारला होता. बास्केटबॉल खेळाडूंना अमेरिकेत 'केजर' म्हणतात ते त्या पिंजऱ्यावरून, म्हणजे 'केज'वरून.

कॉलेजांनी १९०८–०९ मध्ये दुसरा पंच आणला, पाच फाऊलला खेळाडू बाद करायला सुरुवात केली आणि १९१०–११ ला ती मर्यादा चारवर आणली. तरी हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांनी १९०९ मध्ये या खेळावर कडक टीका केली आणि हार्वर्डनं बास्केटबॉल बंद करून टाकला. तो परत सुरू व्हायला दहाएक वर्षं गेली.

प्रशिक्षक बाकावरून सूचना देत नव्हते का?

१९१०–११ च्या नियमांनी सामना चालू असताना संघाशी संबंधित कुणीही सूचना देण्यावर बंदी घातली: पहिल्यांदा ताकीद, नंतर समोरच्याला फ्री थ्रो. कल्पना अशी की मैदानावरचा निर्णय कप्तानाचा. त्या काळच्या वृत्तांतात कप्तानाचं नाव ठळक आणि प्रशिक्षकाचं कुठेतरी तळाशी दिसतं, ते त्यामुळे.

नेस्मिथ त्या वर्षी काय करत होता?

कॅन्सस विद्यापीठात शिकवत होता, पण संघ त्यानं नुकताच सोडला होता. १९०७–०८ मध्ये कॅन्ससचा प्रशिक्षक झाला त्याचाच शिष्य फॉरेस्ट 'फॉग' ॲलन. बास्केटबॉलला प्रशिक्षणाची गरज नाही, तो नुसता खेळायचा असतो, असं नेस्मिथचं मत होतं. त्याची कॅन्ससमधली कामगिरी ५५ विजय आणि ६० पराभव. खेळ शोधणारा माणूसच त्या विद्यापीठाचा एकमेव तोट्यातला प्रशिक्षक. ॲलनच्या पहिल्याच वर्षी कॅन्ससनं मिझुरी व्हॅली कॉन्फरन्स जिंकली. म्हणजे शिकागो पेनला हरवत असताना प्रशिक्षणाचं युग तिकडे कॅन्ससमध्ये सुरू झालं होतं.

मुलींचे कॉलेज संघ नव्हते?

होते, आणि मुलांच्या जोडीनं होते. स्मिथ कॉलेजात सेंडा बेरेन्सननं मैदानाचे तीन भाग करून खेळ बसवला. मुलीनं आपला भाग सोडायचा नाही, चेंडू हिसकवायचा नाही. कॉलेजांतला पहिला आंतरमहाविद्यालयीन महिला सामना ४ एप्रिल १८९६ ला सॅन फ्रान्सिस्कोत झाला. स्टॅनफर्डनं कॅलिफोर्निया विद्यापीठाला २–१ हरवलं. पुरुष प्रेक्षकांना मज्जाव होता.

सामने जिथे झाले ती जागा अजून आहे का?

बार्टलेट जिम्नॅशियम. १९०४ मध्ये उघडलं. इमारत उभी आहे, पण आत आता विद्यार्थ्यांची खानावळ. विद्यापीठानं १९४६ मध्ये बिग टेन सोडली आणि आज ते एनसीएएच्या डिव्हिजन थ्री या तिसऱ्या स्तरात खेळतं.

हा खेळ आपल्याकडे कसा आला?

वायएमसीएच्याच वाटेनं. स्प्रिंगफील्डच्या पहिल्या सामन्यातला डंकन पॅटन हा कॅनडाचा खेळाडू १८९० च्या दशकात भारतात आला आणि त्यानं इथे खेळ दाखवला, असं सांगितलं जातं. पद्धतशीर पाया घातला स्प्रिंगफील्डमध्येच शिकलेल्या हॅरी क्रो बक यांनी. मद्रासची वायएमसीए शारीरिक शिक्षण संस्था त्यांनी १९२० मध्ये सुरू केली आणि तिथून तयार झालेले शिक्षक देशभर गेले. पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९३४ ची, दिल्लीत.

मुंबईत हा खेळ रुजला तो कॉलेजांपेक्षा नागपाड्यात. मस्तान तलावाच्या परिसरातल्या कोर्टवर वाढलेल्या मुलांनी राज्याला आणि देशाला खेळाडू दिले. भारताचे माजी कप्तान अब्बास मुंतसिर हे तिथलेच.

कॉलेजच्या स्नेहसंमेलनात १९०८ च्या नियमांनी प्रदर्शनी सामना घ्यायचा आहे. कसा घ्यावा?

घेता येतो, आणि आकडे वाचण्यापेक्षा यातून जास्त कळतं.

मैदान लहान करा. आजचं २८ बाय १५ मीटरचं कोर्ट पाचजणांना मोठं पडतं, कारण तेव्हाचे हॉल छोटे होते. बाजूच्या रेषा टेपनं आत घेऊन रुंदी १३ मीटर करा. शेवटची रेषा बॅकबोर्डच्या बरोबर खाली आणा. आज बोर्ड रेषेच्या १.२ मीटर आत असतो. खांबाला जाड गादी बांधा, कारण वेगानं आलेला खेळाडू रेषेपलीकडे जाऊन खांबावर आदळू शकतो.

जाळीचा तळ सुतळीनं बांधा. प्रत्येक रिंगखाली एक स्वयंसेवक आणि टोकाला कापड गुंडाळलेली लांब काठी: खालून टोचली की चेंडू वरून बाहेर येतो. सुतळी जाळीच्या अगदी खालच्या फाशांतून ओवा. वर बांधली तर चेंडू रिंगमध्येच अडकतो आणि दर वेळी स्टूल आणावं लागतं. दोरीचा चेंडू आज मिळणार नाही, त्यामुळे सात नंबरचा वापरा आणि हवा किंचित कमी ठेवा. उसळी घटली की ड्रिबलचा मोह आपोआप कमी होतो.

वीस-वीस मिनिटांचे दोन हाफ, घड्याळ न थांबवता. वेळ कमी असेल तर बारा-बारा करा, पण घड्याळ चालतंच ठेवा. ते थांबवलं तर स्कोअर कमी का असायचे हे कुणाला दिसणारच नाही. प्रत्येक बास्केटनंतर मधे जंप. फील्ड गोलचे दोन, फ्री थ्रोचा एक. तीनची रेषा टेपनं झाकून टाका, नाहीतर गुणलेखक सवयीनं तीन लिहितो.

प्रत्येक संघानं फ्री थ्रो घेणारा एकच खेळाडू आधी लिहून द्यावा. ड्रिबलनंतर शॉट मारला तर बास्केट बाद. आजच्या मुलांचा गोंधळ इथेच सगळ्यात जास्त होतो: मोकळी वाट मिळाली की हात आपोआप ले-अपला (धावत जाऊन रिंगजवळून टाकायच्या शॉटला) जातो. पहिली पाच मिनिटं पंचानं शिट्टी मारून कारण मोठ्यानं सांगावं, मग अंगवळणी पडतं. चालणं हाही फाऊल धरायचा ठरवलात तर तयारी ठेवा, नुसते फ्री थ्रोच होत राहतील. पहिल्या प्रयोगात तो साधा नियमभंगच ठेवलेला बरा.

बाहेर गेलेला चेंडू मात्र आजच्याच नियमानं द्या. 'आधी पकडेल त्याचा' हा नियम हौसेनं लावला तर पहिल्या रांगेतल्या खुर्च्यांवर मुलं कोसळतील.

स्कोअरशीटला दोनच रकाने: फील्ड गोल, फ्री थ्रो. खेळाडूंची नावं जुन्या पद्धतीनं समोरासमोर लिहा, फॉरवर्डसमोर गार्ड. शीट भिंतीवर लावा आणि शेजारी त्याच दोन संघांच्या आजच्या नियमांनी झालेल्या एखाद्या सामन्याचा स्कोअर लावा.